सूक्ष्मदर्शकांच्या पेट्यांतल्या विटा

नोकरीतली पुष्कळ प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. खंडेनवमीच्या दिवशी आलेली एक फिर्याद मात्र अजून जशीच्या तशी लक्षात आहे. महाराष्ट्र राज्य होऊन एक-दोन वर्षे झाली असतील. मी शिरूर ठाण्याला फौजदार होतो. सकाळी शस्त्रपूजा आटोपली होती आणि हवालदार बंदुका मोजून परत रॅकला लावत होते. तेवढ्यात फाटकात एक जीप थांबली.

जीपमधून तिघे उतरले. पहिले आमच्या हद्दीतल्या एका कॉलेजचे चेअरमन. दुसरा कॉलेजचा शिपाई. तिसरा गळ्यात कॅमेरा अडकवलेला, नगरहून आलेला फोटोग्राफर.

चेअरमन आत येता येताच म्हणाले, "फौजदार, बंदुका राहू द्या. आमच्या कॉलेजवर दरोडा पडलाय."

"दरोड्याला पाच माणसं लागतात, आबा," मी म्हणालो. "तुम्ही किती पाहिलीत?"

"एक बी न्हाई."

"मग बसा. चोरी असेल. सविस्तर सांगा."

या गृहस्थांना सारा तालुका आबा म्हणत असे, मीही तेच म्हणेन. मोठे बागायतदार, बोलण्यात करडे. त्यांच्याविषयी पुढे मी जे लिहिणार आहे ते फारसे चांगले नाही, म्हणून एक गोष्ट आधीच नोंदवतो. ते कॉलेज उभे राहावे म्हणून त्यांनी स्वतःची अकरा एकर जमीन दिली होती. गावाचे आणि कॉलेजचे नाव सांगत नाही. शिरूरपासून तेरा मैलांवरचे गाव एवढे पुरे.

प्रकरण असे होते. त्या काळी परदेशातून गहू येई, दुधाची भुकटी येई, हे सर्वांना माहीत आहे. कॉलेजांसाठीही मदत येई, हे फार थोड्यांना माहीत असते. नव्या स्वतंत्र झालेल्या देशांत उच्च शिक्षण वाढावे म्हणून परदेशातल्या एका संस्थेने या कॉलेजला बारा सूक्ष्मदर्शक दिले होते. ते बोटीने मुंबईला आले आणि तिथून रेल्वेने दौंडला. वर्षभराने संस्थेची माणसे पाहणीला यायची होती. पाहणी समाधानकारक झाली, तर प्रयोगशाळेच्या इमारतीसाठी पुढची मदत मिळणार होती.

आबांनी बाराही पेट्या ऑफिसातल्या लाकडी कपाटात ठेवल्या, कुलूप लावले आणि वर लाखेचे सील केले. पाहणी होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम होता. खंडेनवमीला त्यांच्या मनात आले की यंत्रे उघडून त्यांची पूजा करावी आणि फोटो परदेशी पाठवावा. फोटोग्राफर बोलावला, सील फोडले, पहिली पेटी उघडली, तर आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन विटा. बारापैकी सहा पेट्यांत विटा निघाल्या.

"आन् ह्या फोटोवाल्यानं," आबा म्हणाले, "विटांचाबी फोटो काढला! मी हळदीकुंकवाचं ताट धरून उभा, आन् पुढ्यात विटा."

हवालदारांनी तोंड फिरवले. मी फिर्याद लिहून घेतली.

दुपारी पंचनाम्याला गेलो. सीलला धक्का लागल्याची खूण नव्हती, कुलूपही शाबूत होते. कपाट भिंतीपासून ओढून पाहिले तेव्हा उलगडा झाला. पाठीमागची फळी सोळा स्क्रूंनी बसवलेली होती आणि स्क्रूंच्या खाचा ताज्या घासलेल्या होत्या. पण सोळाच्या सोळा स्क्रू नीट पिळून परत बसवलेले, वर तेलाचे बोटही लावलेले.

हवालदार म्हणाले, "साहेब, असला चोर घावला तर दोन दिवस माझ्या घरी पाठवा. आमचं कपाट लई कुरकुरतंय."

विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा खरा होता. चोर स्क्रू परत लावत बसत नाही. मग मी विटांभोवतीचे कागद पाहिले. सहा पेट्यांतली वर्तमानपत्रे सहा वेगवेगळ्या आठवड्यांची होती. म्हणजे माल एकदम गेला नव्हता, दर आठवड्याला एक असा गेला होता. विकणारा माणूस इतकी वाट पाहत नाही. आणि विटा कशासाठी? शिपायाला विचारले. तो म्हणाला, दर सोमवारी झाडलोट करताना तो कपाट थोडे सरकवत असे. कपाट हलके लागले असते तर त्याला कळले असते. म्हणजे करणाऱ्याला कॉलेजचा रोजचा क्रम माहीत होता. माणूस घरातलाच होता.

बारा पेट्या मुळात आल्या होत्या का, हेही तपासणे भाग होते. दुसऱ्या दिवशी दौंडला गेलो. मालधक्क्यावरच्या बाबूने नोंद काढून दाखवली. बारा पेट्या, एकही फुटलेली नाही.

"विसरेन कसा?" तो म्हणाला. "ताशा लावून न्यायला आले होते हो. हमालांनाही फेटे बांधले. मी म्हटलं, नवरी कुठली?"

खबर मिळाली ती अगदी अनपेक्षित जागी. शिरूरच्या एसटी स्टँडवर एक कंडक्टर माझ्याजवळ आला. त्या गावच्या गाडीवरच त्याची ड्यूटी असे.

"साहेब, चोरीचं ऐकलं. कुनाचं वाईट करायचं न्हाई मला. पर त्या प्रयोगाच्या मास्तराला इचारा. दर शनवारी साडेचारच्या गाडीला असतोय. मांडीवर पिशवी. म्या म्हनलं, मास्तर, टपावर टाका की. तर म्हनला, पिशवीचं तिकीट काढतो पर मांडीवर ठिवू द्या. आन् काढलं की हो अर्धं तिकीट! मला वाटलं, पिशवीत तान्हं मूल हाय का काय."

प्रयोगाचा मास्तर म्हणजे कॉलेजातला डेमॉन्स्ट्रेटर, प्रयोग शिकवणारा तरुण शिक्षक. वय अठ्ठावीस. शिरूरच्या जुन्या मिशनच्या आवारात जन्मलेला मराठी ख्रिस्ती. आबांना हे कळवले तेव्हा ते लगेच म्हणाले, "मला वाटलंच. मिशनमधला पोरगा. परदेशी मालाची चटक असणारच."

"आबा, तुमची जीपही परदेशी बनावटीची आहे," मी म्हणालो. पण संध्याकाळपर्यंत त्यांनी मास्तरला निलंबित केले आणि खोली खाली करायला सांगितली.

मास्तर स्वतःच्या पायांनी ठाण्यात आला. मी जाबजबाब सुरू केला.

"सूक्ष्मदर्शक तुम्ही नेलेत?"

"नेले. सहा. लिहून घ्या."

"कुठं विकलेत?"

"विकले नाहीत."

"मग कुठं आहेत?"

"ते सांगणार नाही."

"का?"

"तिथं मी एकटा नसतो. माझं काय करायचं ते करा. बाकीच्यांची नावं माझ्या तोंडून येणार नाहीत."

"साथीदार लपवताय? शिक्षा वाढेल."

"वाढू द्या."

माझा अनुभव असा आहे की गुन्हा केलेला माणूस आधी नाकारतो, मग सौदा करतो आणि शेवटी कबूल करतो. याचा क्रम उलटा होता. आधी कबुली दिली आणि नंतर अडून बसला. त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता, पण भीतीही नव्हती. दोष शाबित झाला असता तर नोकरी गेली असती, तुरुंग झाला असता आणि पुन्हा कुठल्या शाळेच्या पायरीवरही कोणी उभे केले नसते. हे त्याला ठाऊक होते. मी अटक केली नाही. रोज सकाळी ठाण्यात हजेरी द्यायला सांगितले आणि त्याच्या खोलीची झडती घेतली.

खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि तपासायला आणलेली विद्यार्थ्यांची चोवीस जर्नले. जर्नल म्हणजे प्रयोगाची वही. डाव्या पानावर आकृती, उजव्या पानावर वर्णन, खाली तारीख आणि मास्तरची सही. याखेरीज तीन अर्जांच्या नकला मिळाल्या. तिन्हींत एकच विनंती होती, मुलांसाठी निदान दोन सूक्ष्मदर्शक द्यावेत. तिन्हींवर आबांचा शेरा: "पाहणी होईपर्यंत थांबावे."

जर्नले मी ठाण्यात आणली आणि एकेक पान उलटू लागलो. मला शास्त्र येत नाही. आकडे मात्र येतात. सत्राच्या सुरुवातीला कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशींची आकृती होती. चोवीस जर्नलांत चोवीस कांदे, आणि प्रत्येकात बरोबर नऊ पेशी. सरळ होते की मास्तरने फळ्यावर काढले आणि मुलांनी उतरवले. पुढे भर पावसाळ्यात तोच प्रयोग पुन्हा केलेला होता. तिथे सात जर्नलांत पुन्हा त्याच नऊ पेशी होत्या. सतरा जर्नलांत मात्र कुठे चौदा, कुठे एकवीस, कुठे वेड्यावाकड्या, कुठे अर्धवट. दोन आकृत्या एकसारख्या नव्हत्या.

एका जर्नलात आकृतीच्या मधोमध जाड काळ्या कडेचे मोठे वर्तुळ होते. बाकी सारे इंग्रजीत, पण वर्तुळाखाली मराठीत लिहिले होते, "हे काय आहे ते समजले नाही." त्याच्या बाजूला मास्तरची लाल शाई: "हवेचा बुडबुडा. दिसले तेच काढलेस, हे बरोबर केलेस."

ते पान मी दोनदा वाचले. फळ्यावर बुडबुडा कोणी काढत नाही. या मुलाने तो डोळ्यांनी पाहिला होता आणि मास्तरच्या सहीजवळची तारीख, विटांभोवतीच्या कागदांच्या हिशेबाने, चौथी पेटी गेल्यानंतरची होती.

सकाळी हजेरीला आलेल्या मास्तरपुढे मी ते पान ठेवले.

"सतराजण ना?" मी विचारले.

त्याने जर्नल मिटून माझ्याकडे सरकवले. मग म्हणाला, "साहेब, रविवारी आठ वाजता मिशनच्या बंगल्यावर या. उत्तरेचा व्हरांडा आहे. उजेड तिथं चांगला पडतो."

रविवारी हवालदार आणि दोन पंच घेऊन गेलो. व्हरांड्यात बाकांवर सहा सूक्ष्मदर्शक मांडलेले. मुले आळीपाळीने डोळा लावत होती. मोजली, सतरा. त्यात दोन मुली. तळेगाव ढमढेऱ्याकडचा एकजण पहाटेच सायकल हाणत आला होता. खाकी दिसताच सगळे उठून उभे राहिले. त्या सायकलवाल्याने पुढे येऊन सांगितले, "साहेब, मास्तरांना न्यायचं आसंल तर आमालाबी न्या. सतरा हाय आमी."

"गाडीत सातच बसतात," हवालदार म्हणाले.

"मग आमी चालत येतो की."

मास्तरने तेव्हा सगळे सांगितले. सुरुवातीला तो शनिवारी एक यंत्र नेई आणि सोमवारी परत ठेवी. एकदा बसच्या धक्क्याने आरसा निखळला. तेव्हापासून ने-आण बंद करून त्याने एकेक करत सहा यंत्रे मिशनच्या बंगल्यात पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली. परीक्षेत मुलांपुढे खरा सूक्ष्मदर्शक येणार होता. "त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा हात लावायचा का?" असे त्याने मला विचारले.

पंचनामा करताना मीही एकदा डोळा लावला. प्रथम माझ्याच पापण्या दिसल्या. त्या मुलींपैकी एक म्हणाली, "काका, थोडं लांबून बघा." लांबून पाहिले आणि पेशी दिसल्या. मोजायला गेलो, पण मोजून संपेनात.

माल मिळाला. एरवी प्रकरण इथे संपते. आबांनी ते संपू दिले नाही.

"घावला ना माल? आता मास्तरला आत टाका. पुढच्या महिन्यात पाहणीवाले येतायत. आम्ही किती जपतो ते त्यांना कळू दे."

मी म्हणालो, "आबा, आधी पत्रव्यवहाराची फाइल दाखवा."

फाइलमध्ये परदेशी पाठवलेला सहामाही अहवाल होता. त्यात लिहिले होते की बाराही उपकरणे विद्यार्थी रोज वापरतात.

"सही कुणाची?"

"माझीच. सगळेच असं लिवत्यात."

"म्हणजे यंत्रं सीलबंद असताना तुम्ही ती रोज वापरात असल्याचं कळवलंत. तुमच्या या वाक्यात थोडंफार खरं असेल, तर ते मास्तरमुळं आहे."

आबांचा चेहरा लाल झाला. "फौजदार, धमकी देताय?"

"तपास सांगतोय. दोषारोपपत्र पाठवलं, तर हा अहवाल आणि ते तीन अर्ज त्यात लावावे लागतील. कोर्टात पहिला प्रश्न तुम्हालाच येईल. मी प्रकरण बंद करण्याचा अहवाल पाठवणार आहे. त्याला समरी म्हणतात. बी समरी म्हणजे जाणूनबुजून खोटी फिर्याद, त्यात फिर्यादीवर कारवाई होते. सी समरी म्हणजे गैरसमजातून झालेली फिर्याद. मला सी योग्य वाटते, कारण विटा पाहिल्या तेव्हा तुम्हाला खरंच चोरी वाटली. पण आता सगळं कळूनही तुम्ही तसाच जबाब दिलात, तर मला पुन्हा विचार करावा लागेल."

ते खुर्चीत मागे टेकले. आवाज उतरला. "तुमाला न्हाई कळायचं. एक काच फुटली आसती तर त्या लोकांनी म्हटलं आसतं, ह्या अडाण्यांना द्यायचं कशाला. तोंड काय दाखवायचं?"

"फुटेल की. वापरलेली वस्तू फुटते. अकरा एकर दिलीत ती कुंपण घालून बघत बसायला दिलीत का?"

ते उठून बाहेर निघून गेले.

त्याच दिवशी वरिष्ठांचा फोन आला. "दोषारोपपत्र पाठवा. परदेशी मदतीचा मामला आहे, सरकारच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"सर, चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो. तो सापडत नाही."

"शोधा."

"शोधला. सतरा साक्षीदार तपासले."

"फार शहाणे झालात तुम्ही."

"कागद पाठवतो, सर. कागदात चूक दाखवा, मी बदलेन."

चूक कोणी दाखवली नाही. सी समरी गेली आणि दंडाधिकाऱ्यांनी ती मंजूर केली. तरी मास्तरची नोकरी आबांच्याच हातात होती आणि निलंबन उठले नव्हते.

पाहणीच्या दिवशी मी बंदोबस्ताला होतो. दोन पाहुणे आले, त्यातल्या एक वयस्क परदेशी बाई स्वतः शास्त्राच्या प्राध्यापक होत्या. बाराही यंत्रे टेबलावर मांडलेली होती. बाईंनी एकेक हातात घेऊन काच उजेडाकडे धरली. कपाटात राहिलेल्या सहांच्या भिंगांवर बुरशीची जाळी धरलेली होती. नवी, ओल्या भिंतींची खोली, वरून बंद पेट्या, पूर्ण पावसाळा. ती सहा यंत्रे निकामी झाली होती. मिशनच्या व्हरांड्यात वापरलेली सहा यंत्रे मात्र स्वच्छ होती. बाईंनी इंग्रजीत विचारले, "ही सहा कोणी सांभाळली?" प्राचार्यांनी प्रश्न मराठीत सांगितला.

खोलीत ती सतरा मुले भिंतीला लागून उभी होती. सगळी आबांकडे पाहत होती. मास्तर खोलीत नव्हताच, त्याला आवारात यायची बंदी होती. आबांनी उपरण्याने मान पुसली आणि शिपायाला म्हणाले, "जा, मास्तरला बोलव. जीप घिऊन जा."

मास्तर तासाभराने आला. बाई त्याच्याशी आणि मुलांशी दोन तास बोलल्या. बंद पेट्यांतल्या सहा यंत्रांबद्दल त्यांनी लेखी खुलासा मागितला आणि तो आबांना द्यावा लागला. इमारतीची मदत एक वर्ष उशिरा आली, पण आली. मास्तरचे निलंबन त्याच आठवड्यात उठले.

या प्रकरणाने मला काय शिकवले ते सांगतो. परदेशी मदतीबद्दल आपल्याकडे दोन तऱ्हेची माणसे भेटतात. एक म्हणतात ही भीक आहे, दुसरे हात जोडून उभे राहतात. माझे दोघांशीही भांडण आहे. कुणीतरी समुद्रापलीकडून आपल्या मुलांसाठी एक साधन पाठवले. ते मुंबईपर्यंत आणायचे काम बोटीचे आणि दौंडपर्यंत आणायचे काम रेल्वेचे. कपाटापासून मुलाच्या डोळ्यापर्यंतचे अंतर चार हात असते आणि ते पार करण्याचे काम आपले. तिथे आपण कुलूप लावतो, त्याला जपणूक म्हणतो आणि ते कुलूप उघडणाऱ्याला चोर ठरवतो. कायद्याचे पुस्तक माझ्यापुढेही होते. त्यात मालकाला विचारून घ्या असे आहे, आणि मास्तरने विचारले होते, तीन वेळा, लेखी. त्याने केले ते नियमाला धरून नव्हते, हे मी त्याला तोंडावर सांगितले. पण गुन्हेगार म्हणून त्याला कोर्टापुढे उभे करायला मी तयार नव्हतो, आणि आज कोणी पुन्हा फोन केला तरी होणार नाही.

चार महिन्यांनी माझी दौंडला बदली झाली. त्या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात शेरा आला: "वरिष्ठांचा सल्ला मानत नाहीत." अशा शेऱ्यावर अपील करता येते. माझ्या बढतीला त्यामुळे तीन वर्षे उशीर झाला, म्हणून मित्रांनी अर्जाचा मसुदाही करून दिला होता. मी तो पाठवला नाही. शेरा खरा होता.